शेरा

ट्रॉम्ब्याच्या मैदानावर, जेट्टीकडच्या अंगाला,
त्यांनी तीन तिपाया रोवल्या.
भिंतीवर आठ गोल चिकटवले, प्रत्येकाच्या पोटात सेन्सर.
जमिनीवर एक काळी चटई अंथरली,
ती म्हणे पाऊल उचललेलं वाचते.

"चाचणी वस्तुनिष्ठ होईल, मॅडम."
विद्यापीठातला मुलगा. निनाद. चष्म्यावर धूळ, बोलणं अदबीचं.
मी शिट्टी खिशात टाकली.
बावीस वर्षं डोळ्यांनीच गुण देत आले,
दहापैकी सात, दहापैकी साडेसहा,
कुणाचा अर्धा गुण कुठल्या उन्हात वितळला
ते मलाही सांगता यायचं नाही.

जाळी मात्र आमचीच.
मधोमध फाटली होती, हर्षिदा तांडेलच्या बाबांनी
होडीवरच्या दोऱ्याने विणून दिली.
तेवढाच तुकडा बारीक घराचा,
त्यातून बोंबीलसुद्धा सुटायचा नाही.

हर्षिदा चटईवर उभी राहिली. समोरून निनादच्या मित्राची सर्व्हिस.
चेंडूतही एक चिप:
हात लागला की घड्याळ सुरू,
पाऊल उचललं की बंद.
लॅपटॉपवर लाल अक्षरं. अवैध.
पुन्हा. अवैध.
सहा वेळा.

"तू आधीच का हलतेस?"
"तो कुठे मारणार ते दिसतं ना."
"कशात दिसतं?"
"खांद्यात. आणि लांब मारायचा असला
की तो खालचा ओठ चावतो."
मित्राने ओठ सोडला. कान लाल झाले.
सगळ्या पोरी हसल्या, मीही हसले,
जरा जास्तच हसले,
माझ्या बाजूने कुणीतरी जिंकल्यासारखी.

मग मुरुगेश आला.
तमिळ माध्यमाच्या वर्गातला, बुटका, पळायला मंद.
दोन वर्षं मी त्याला चेंडू गोळा करायला ठेवलेला,
आणि गुणफलक.
नावापुढे माझ्या वहीत एकच शेरा, दोन्ही वर्षी:
प्रयत्न चांगला.

गोल उजळला की बोटांवरून चेंडू त्या गोलात.
चाळीस चेंडू. अडतीस.
मी म्हटलं, सेन्सर बिघडलाय.
निनादने काही न बोलता बॅटरी बदलली.
चाळीसपैकी एकोणचाळीस.
जो चुकला तो दिव्याच्या कडेला घासून गेला,
आणि मुरुगेश जीभ चावून म्हणाला, "सॉरी मॅडम."
मला.

उजव्या गुडघ्यात माझ्या, जुन्या एका स्पर्धेपासून, वाटी सरकते.
खाली वाकले की कळ थेट कमरेत.
आणि तेव्हा, त्या चटईशेजारी उभी असताना,
मला आठवायला लागलं:
दोन वर्षांत मी चेंडूसाठी वाकलेच नव्हते.
मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून
तो परत यायचा तो छातीच्या उंचीवर,
फिरकी नाही, घाई नाही,
शिट्टी तोंडात असली तर डाव्या हाताकडे.
मला वाटायचं, चेंडू येतोच असा.

चार वाजता त्यांनी तारा गुंडाळल्या.
निनाद विचारत होता, हर्षिदाच्या रकान्यात काय भरू?
सॉफ्टवेअरला आकडा लागतो, रिकामं चालत नाही.
मी म्हटलं, तुमच्याकडे शेऱ्याचा रकाना नाही?
नाही म्हणाला.
मग वही त्याच्यापुढे धरली.
त्याने ती वाचली, पान उलटलं,
मुरुगेशच्या नावापाशी थांबला,
काही बोलला नाही. शहाणा आहे.

जेट्टीकडून सुकटीचा वास येत होता.
शेवटचा चेंडू कुंपणाजवळ राहिला होता.
"मुरुगेश," मी हाक मारली,
आणि या वेळी हात वर न करता,
मुद्दाम पाठ अर्धी वळवून उभी राहिले.

आला.
डाव्या हातात.